शोधनिबंधाचें ऋण

मार्गशीर्षांत सिद्धनाथाच्या रथाचे दिवस आले म्हणजे आमच्या म्हसवडच्या घरीं माणसांची वर्दळ सुरू होते. पुण्यामुंबईकडे पांगलेलीं मुलेंबाळें चार दिवसांकरितां कां होईना, परत येतात आणि ओसरीवर पुन्हां पंगती बसतात. यंदा आमच्या थोरल्या बंधूंची नात, अर्थात् आमचीही नातच, पुण्याहून आली होती. जीवशास्त्राचा अभ्यास करणारी ही मुलगी दुपारीं मोबाइलवर कांहीं आंकडे पाहत बसलेली दिसली, म्हणून आम्हीं सहज विचारलें, "काय ग, निकाल लागला कीं काय?"

"निकालच म्हणायचा, आजोबा," ती हंसून म्हणाली, "पण माझा नव्हे, आमच्या सरांचा. त्यांचे शोधनिबंध किती, इतरांनीं त्यांचा निर्देश किती वेळां केला आणि त्यावरून त्यांचा एच-निर्देशांक किती, तें यांत दिसतें."

सारा जन्म दुसऱ्यांस गुण देण्यांत घालविलेल्या माणसाला, विद्वानांसही असे गुण मिळतात हें ऐकून कुतूहल वाटल्यावांचून कसें राहील? आम्हीं खोदून विचारलें. तिनें सांगितलें त्याचा सारांश असा. कोणी नवा निबंध लिहिला म्हणजे आपण पूर्वीच्या कोणकोणत्या लेखांचा आधार घेतला हें तो शेवटीं नमूद करतो. हे निर्देश एकत्र करून त्यांची सूचि छापण्याचें काम अमेरिकेंत यूजीन गारफील्ड या गृहस्थांनीं १९६४ सालीं सुरू केलें. पुढें २००५ सालीं हिर्श नांवाच्या पदार्थविज्ञानवेत्त्यानें त्यावरून एक सोपें माप काढलें. एखाद्याचे वीस निबंध असे असतील कीं प्रत्येकाचा निर्देश निदान वीस वेळां झाला आहे, तर त्याचा निर्देशांक वीस. पुष्कळ लिहिलें पण कोणी वाचलें नाहीं, तर अंक वाढत नाहीं; एकच लेख गाजला आणि पुढें लेखणी थांबली, तरीही वाढत नाहीं. युक्ति चतुर आहे, हें कबूल केलें पाहिजे.

तथापि आमच्या जुन्या वळणाच्या मनांत एक शंका आलीच. आमच्या शास्त्रग्रंथांतही पूर्वसूरींचा निर्देश पदोपदीं असतो. परंतु तो नेहमींच मान्यतेचा असतो असें नाहीं. ब्रह्मसूत्रांवरील भाष्यांत सांख्यांचें मत वारंवार येतें, तें बहुतेक ठिकाणीं खंडनासाठीं. आंकड्यांची सूचि पूर्वपक्ष आणि सिद्धांत यांतील भेद कसा ओळखणार? आणि ज्या निबंधामुळें एखाद्या खेड्यांतील माणसाचा प्राण वांचला, त्या माणसानें कोठें निर्देश लिहावा?

नात म्हणाली, "शंका बरोबर आहे, आजोबा. पण आपल्या बाजूचें एक उदाहरण पाहा." आणि तिनें बार्शीच्या कामाची हकीकत वाचण्यास आरंभ केला. विषय होता गर्भाशयमुखाचा कर्करोग. तो शब्द कानीं पडतांच आम्ही गप्प झालों. "काय झालें, आजोबा?" तिनें विचारलें.

"तुझी आजी याच रोगानें गेली," आम्हीं म्हटलें.

"पण बाबा तर पोटाचा विकार म्हणतात!"

वाचकहो, तिच्या बाबांना आम्हींच तसें सांगितलें होतें. आमच्या वहिनी १९९६ च्या श्रावणांत गेल्या. त्यापूर्वीं वर्षभर, ऋतु बंद झाल्यावर पुन्हां रक्तस्राव होत असतांही, त्यांनीं तें कोणास सांगितलें नाहीं. शेवटीं आमच्या मातोश्रींच्या कानीं गेलें. त्यांनीं "या वयांत असें व्हायचेंच" म्हणून कसलासा काढा दिला. या घरांत त्या वेळीं चार मॅट्रिक झालेले व दोन पदवीधर पुरुष होते, पुस्तकांचीं दोन कपाटें होतीं, रोज वर्तमानपत्र येत होतें. परंतु बायकांचें दुखणें ओसरीवर येत नसे, आणि ओसरीवरील ज्ञान माजघरांत जात नसे. शहरांतील मोठ्या रुग्णालयांत नेलें तेव्हां डॉक्टरांनीं एकच प्रश्न केला, "इतके दिवस काय करीत होतां?" त्याला आमच्यापाशीं उत्तर नव्हतें, आजही नाहीं.

आतां बार्शीची हकीकत ऐका. म्हसवडाहून पंढरपूर, कुर्डुवाडी करीत गेलें म्हणजे बार्शी लागते. आमच्या वडीलधाऱ्यांस तें गांव भगवंताच्या देवळामुळें ठाऊक. जगांतील कर्करोगतज्ज्ञांस तें ठाऊक आहे तें दुसऱ्या कारणानें. तेथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाचे डॉ. बी. एम. नेने, संशोधिका डॉ. कस्तुरी जयंत आणि मुंबईचें टाटा स्मारक रुग्णालय यांच्या सहकार्यानें १९८७ सालीं तेथें भारतांतील पहिली ग्रामीण कर्करोगनोंद सुरू झाली. बार्शी, परंडा व भूम या तीन तालुक्यांतील ३४६ गांवें तिच्या कक्षेंत होतीं. शहरांत अशी नोंद रुग्णालयांच्या दप्तरावरून करतां येते. खेड्यांत रुग्ण रुग्णालयापर्यंत पोंचतच नाहीं. म्हणून नोंद करणारे लोक स्वतः गांवोगांव फिरले, पारावर बसले, रोगाचीं लक्षणें समजावून सांगूं लागले आणि संशयित रोग्यांना तपासणीस घेऊन येऊं लागले.

यांतून एक अनपेक्षित गोष्ट घडली. लोकांशीं नुसतें बोलण्यानेंच, पूर्वीं शेवटच्या अवस्थेंत येणाऱ्या स्त्रिया लौकर येऊं लागल्या. हा अनुभव या मंडळींनीं १९९५ सालीं कर्करोगाच्या एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत छापला. पुढल्याच वर्षीं, शिकवून तयार केलेल्या सेविकांनीं गर्भाशयमुख नुसतें डोळ्यांनीं तपासून रोग लौकर ओळखतां येतो कीं नाहीं, यावरील त्यांचा निबंध त्याच नियतकालिकांत आला. सन १९९६! आमच्या वहिनींचें वर्ष. ज्या परीक्षेनें त्या कदाचित् वांचल्या असत्या, तिचा विचार आमच्या घरापासून एका दिवसाच्या वाटेवर चालला होता, छापून परदेशीं जात होता. आणि आमच्या माजघरांत काढा उकळत होता.

याच पायावर मोठें काम उभें राहिलें. फ्रान्समधील लिआँ येथें जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोगसंशोधन संस्था आहे, त्या वेळीं तेथें असलेले डॉ. आर. शंकरनारायणन् हे मूळचे केरळांत काम केलेले तज्ज्ञ. त्यांनीं, डॉ. नेने यांनीं आणि टाटा रुग्णालयाचे डॉ. सुरेंद्र शास्त्री, डॉ. केतायून दिनशा इत्यादिकांनीं १९९९ सालीं उस्मानाबाद जिल्ह्यांत (ज्याला आतां धाराशिव म्हणतात) एक प्रयोग मांडला. तीस ते एकोणसाठ वर्षें वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया त्यांत होत्या. गांवांचे ५२ समूह करून, कोणत्या समूहाच्या वांट्यास काय यावें हें मनुष्याच्या इच्छेवर न ठेवतां चिठ्ठ्या टाकाव्या तसें ठरविलें.

पहिल्या भागांतील ३४,१२६ स्त्रियांची परीक्षा विषाणूसाठीं करावयाची होती; कारण हा रोग एका विषाणूमुळें होतो, हें जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांनीं दाखविलें होतें व त्यासाठीं त्यांना २००८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. दुसऱ्या भागांत ३२,०५८ स्त्रियांच्या पेशी कांचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावयाच्या. तिसऱ्यांत ३४,०७४ स्त्रियांच्या गर्भाशयमुखास व्हिनेगरसारखा आम्लद्राव लावून नुसत्या डोळ्यांनीं पाहावयाचें. दूषित भाग पांढरा दिसतो. चौथ्या भागांतील ३१,४८८ स्त्रियांची परीक्षा करावयाची नाहीं. हवी असल्यास ती जवळच्या रुग्णालयांत कशी करून घ्यावी, एवढेंच सांगावयाचें. परीक्षा एकदांच. दोष आढळेल तिच्यावर उपचार. आणि मग आठ वर्षेंपर्यंत वाट पाहणें.

निकाल २००९ च्या एप्रिलमध्यें 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नामांकित अमेरिकन नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. परीक्षा न झालेल्या भागांत या रोगानें ६४ स्त्रिया मरण पावल्या होत्या. विषाणुपरीक्षा झालेल्या भागांत ३४. वाढलेल्या अवस्थेंतील रोगी पहिल्या ठिकाणीं ८२, दुसऱ्या ठिकाणीं ३९. म्हणजे जन्मांत एकदां केलेल्या एका परीक्षेनें मृत्यूचें प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलें. ज्यांच्यांत विषाणु आढळला नाहीं, त्यांना पुढें रोग होण्याचें प्रमाण इतर दोन परीक्षांत निर्दोष ठरलेल्या स्त्रियांच्या सुमारें चतुर्थांश होतें.

या निबंधाचा निर्देश आजवर हजाराहून अधिक वेळां झाला आहे. परंतु त्याचा खरा प्रभाव दुसरीकडे दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं सर्व देशांसाठीं जे नियम प्रसिद्ध केले, त्यांत वयाच्या तिसाव्या वर्षापासून दर पांच ते दहा वर्षांनीं विषाणुपरीक्षा ही पहिली पसंती ठरविली. त्या निर्णयामागें अनेक देशांतील पुरावा आहे. पण मृत्यु प्रत्यक्ष कमी झाले, असें गरीब मुलखांत दाखवून देणारा पुरावा परंडा-भूमच्या शेजारच्या गांवांतून गेला, ही गोष्ट लहान नाहीं.

आम्हांस त्याहूनही मोलाची वाटली ती एक निराळी गोष्ट. नुसत्या डोळ्यांनीं करावयाची परीक्षा ही स्वस्त, सोपी. बार्शीच्या मंडळींनीं तसल्या परीक्षेवर स्वतःच पूर्वीं आशा प्रकट केली होती. परंतु त्यांच्याच प्रयोगांत आम्लद्रावाच्या व पेशींच्या परीक्षेनें मृत्यूंत निश्चित म्हणतां येईल अशी घट झाली नाहीं. आणि तें त्यांनीं जसेंच्या तसें छापलें. पुढें २०१४ सालीं डॉ. शास्त्री यांनीं मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील सुमारें दीड लाख स्त्रियांवरील बारा वर्षांच्या प्रयोगाचा निकाल प्रसिद्ध केला. तेथें आम्लद्रावाच्या परीक्षेनें मृत्यु ३१ टक्क्यांनीं कमी झाले. एकाच परीक्षेचे दोन निकाल. कारण ती पाहणाऱ्याच्या डोळ्यावर आणि पुनःपुन्हां करण्यावर अवलंबून असते. आपल्याविरुद्ध जाणारा पुरावा स्वतःच्या हातानें लिहिणें ही सचोटी निर्देशांकांत मोजतां येत नाहीं.

परंतु केवळ स्तुति करून थांबणें हें शिक्षकाच्या धर्मास शोभणारें नाहीं. त्या ३१,४८८ स्त्रियांचें काय? त्यांच्यापैकीं ६४ जणी गेल्या. हा आक्षेप आमचाच आहे असें नाहीं. २०१४ सालीं वैद्यकीय नीतीला वाहिलेल्या एका भारतीय नियतकालिकांत एका अमेरिकन डॉक्टरांनीं या व अशाच दुसऱ्या प्रयोगांवर कठोर टीका केली. परीक्षेचा गुण अन्यत्र ज्ञात असतां हजारों स्त्रियांना तिच्याविना कां ठेविलें, असा त्यांचा सवाल होता. उलट पक्षाचें म्हणणें असें कीं, त्या काळीं या देशांतील खेड्यांत अशी परीक्षा कोणाचीच होत नव्हती; एकदांच केलेली परीक्षा अशा परिस्थितींत प्राण वांचविते कीं नाहीं हें सिद्ध नव्हतें, आणि तुलना केल्याविना तें सिद्ध होणें शक्य नव्हतें.

आम्हांस दोन्ही पक्षांत तथ्य दिसतें. निर्णय देण्याचा अधिकार आमचा नाहीं. पण एवढें आम्हांस स्पष्ट दिसतें कीं, निबंधाच्या मथळ्याखालीं अठरा विद्वानांचीं नांवें आहेत आणि त्या ६४ जणींपैकीं एकीचेंही नाहीं. विद्वानांचें ऋण विद्वान् निर्देश करून फेडतात. या स्त्रियांचें ऋण कोणीं व कसें फेडावें? आमचें उत्तर असें, कीं ज्या ज्ञानासाठीं त्यांनीं आपल्या आयुष्याची किंमत दिली, तें ज्ञान वापरल्यानेंच तें फिटेल. वापरलें नाहीं, तर त्यांचें मरण फुकट गेलें, आणि त्याचा दोष संशोधकांच्या नव्हे, आमच्या माथीं येतो.

आणि आम्ही वापरतों काय? त्या प्रयोगांत खेड्यांतील स्त्रियांना बोलावणें गेलें तेव्हां शंभरांतील सुमारें ७९ जणी परीक्षेस आल्या. शेतांत राबणाऱ्या, पुष्कळशा निरक्षर. उलट २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत, तीस ते एकोणपन्नास वयाच्या भारतीय स्त्रियांपैकीं ही परीक्षा कधीं तरी झालेल्या स्त्रिया शेंकडा दोन देखील भरल्या नाहींत. २०२२ सालच्या अंदाजाप्रमाणें भारतांत एका वर्षांत सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांना हा रोग झाला व सुमारें ऐशीं हजार मरण पावल्या. ज्या रोगाचा आरंभ प्रत्यक्ष रोग होण्यापूर्वीं अनेक वर्षें आधीं ओळखतां येतो, त्या रोगानें!

आमच्यासारख्या घरांत अडथळा ज्ञानाचा नसून लज्जेचा आहे. म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगणें भाग आहे. हा विषाणु स्त्रीपुरुष-संबंधांतून पसरतो, एवढें वाचून कित्येक घरांत शंकेचें विष कालविलें जाईल. तसें करणें हें अज्ञान होय. हा विषाणु इतका सार्वत्रिक आहे कीं संसारांत पडलेल्या बहुतेक स्त्रीपुरुषांस तो आयुष्यांत केव्हां तरी होतोच. बहुतेकांच्या शरीरांतून तो आपोआप जातो. थोड्यांच्या शरीरांत वर्षानुवर्षें दडून राहतो व त्यांतून रोग उद्भवतो. पुरुषही तो वाहून आणतो. सबब ही शीलाची परीक्षा नव्हे, शरीराची आहे.

या हकीकतींतील शेवटचा भाग काकतालीय न्यायाचा आहे. या विषाणूवर लस निघाली तेव्हां भारतांत बार्शी, पुणें इत्यादि ठिकाणीं मुलींवर एक अभ्यास २००९ सालीं सुरू झाला. लशीचे तीन डोस द्यावे कीं दोन, हें पाहावयाचें होतें. दुसऱ्याच एका लसप्रकल्पावरून वाद उठला आणि २०१० च्या एप्रिलमध्यें सरकारनें लस देणें थांबविलें. हजारों मुलींना एकच डोस मिळून राहिला. सामान्य मनुष्यानें हा प्रयोग फसला म्हणून वही मिटली असती. या मंडळींनीं त्या मुलींची विचारपूस दहा वर्षें सोडली नाहीं. २०२१ सालीं निकाल छापला: टिकून राहणाऱ्या संसर्गाविरुद्ध एका डोसानेंही तीन डोसांइतकेंच, म्हणजे शेंकडा नव्वदाहून अधिक संरक्षण मिळतें. २०२२ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें एक डोसही चालेल असें मान्य केलें. तीन डोसांच्या खर्चांत तिप्पट मुलींचें रक्षण! त्याच वर्षीं पुण्याच्या सीरम संस्थेच्या स्वदेशी लशीसही परवानगी मिळाली. लस नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींना दिल्यास सर्वांत उपयोगी.

आतां व्यवहाराचें. घरांतील तीस वर्षांवरील प्रत्येक स्त्रीनें ही परीक्षा करून घ्यावी. पन्नाशी उलटली असून एकदांही झाली नसेल, तर तिनें आधीं जावें. ऋतु गेल्यावर पुन्हां रक्त दिसणें, दोन पाळ्यांच्या मध्यें किंवा पतिसंगानंतर रक्त जाणें, दुर्गंधियुक्त स्राव होणें, यांपैकीं कांहीं आढळल्यास परीक्षेचें वय वा दिवस न पाहतां डॉक्टर गांठावा. परीक्षेंत विषाणु सांपडला म्हणजे कर्करोग झाला असें नव्हे. अधिक पाहणी करावयाची, एवढाच त्याचा अर्थ. आणि घरांतील वडील पुरुषांनीं हा विषय ओसरीवर स्वतः काढावा. आम्हीं काढला.

रथाच्या दुसऱ्या दिवशीं, जेवणें झाल्यावर, आम्हीं सर्वांस बसवून वहिनींची खरी हकीकत सांगितली. सुरुवातीस कोणी मान वर करीना. मग आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "इतकीं वर्षें आम्हां सगळ्या बायकांना तें ठाऊक होतें. तुम्हांलाही ठाऊक होतें. फक्त एकमेकांना ठाऊक आहे हें कोणी बोललें नाहीं." पुढल्या आठवड्यांत त्या व दोन्ही सूनबाई तपासणीस जाऊन आल्या. दोघी निर्दोष ठरल्या. धाकट्या सूनबाईंना पुन्हां बोलाविलें आहे. काळजीचें कारण बहुधा नाहीं. परंतु पाहिल्याविना कोणी सांगूं शकत नाहीं.

ती बातमी त्यांनीं रात्रीं ताटें वाढतांना, सर्वांदेखत सांगितली. "मामंजी, मंगळवारीं मला परत जायचें आहे." आम्हीं म्हटलें, "ठीक. मुलगा रजा काढील; नाहीं तर आम्ही येतों." १९९६ सालीं याच स्वयंपाकघरांत हें वाक्य कोणी उच्चारलें नव्हतें, आणि त्याला हें उत्तरही कोणी दिलें नव्हतें.